आईला कॅनडात बोलावायचे आहे: सुपर व्हिसा घ्यावा की पीआरच्या योजनेची वाट पाहावी?

कृष्णाकाठची (मिसिसॉगा)

नमस्कार मंडळी. माझी आई वाईला एकटी राहते. तिचे वय 69 आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, पण ती स्वतःचे सगळे स्वतः करते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, घर तिच्या नावावर आहे आणि थोडी शेती खंडाने दिलेली आहे. धाकटा भाऊ पुण्यात असतो. मी, माझे यजमान आणि आठ वर्षांचा मुलगा असे आम्ही तिघे 2022 पासून इथले कायम रहिवासी (पीआर) आहोत.

आईने आमच्याकडे येऊन सलग एक-दोन वर्षे राहावे, अशी आमची इच्छा आहे आणि तिचीही तयारी आहे. साधा व्हिजिटर व्हिसा, पालकांना जास्त काळ राहू देणारा सुपर व्हिसा आणि पालकांसाठीची पीआर योजना यांपैकी आमच्या परिस्थितीत कोणता मार्ग योग्य ठरेल? यजमानांची नोकरी या वर्षीच बदलल्यामुळे उत्पन्नाचा पुरावा कसा द्यावा, हा दुसरा प्रश्न आहे. मधुमेह असताना विमा मिळतो का, आणि मिळालाच तर त्याचा खरोखर उपयोग होतो का, हा तिसरा.

शेवटची अडचण जरा विचित्र आहे. आईचे पहिले बाळंतपण म्हणून माझा जन्म तिच्या माहेरी झाला. नोंद आजोबांनी तिथल्या ग्रामपंचायतीत केली आणि आईचे नाव माहेरचेच लिहिले. लग्नात तिचे पाळण्यातले नावही बदलले होते. त्यामुळे माझ्या जन्मदाखल्यावरची आई आणि आईच्या पासपोर्टवरची बाई कागदावर दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. ज्यांनी हे सोपस्कार पार पाडले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ब्रॅम्प्टनकर

ताई, तिन्हींपैकी एक पर्याय तुमच्यापुरता आधीच बाद झालेला आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. पालकांना पीआर मिळवून देणाऱ्या योजनेत इच्छुक मुलांची नावे शेवटची नोंदवून घेतली गेली ती 2020 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर 2025 पर्यंत जी निमंत्रणे निघाली ती त्याच जुन्या यादीतून. 2025 मध्ये दहा हजार अर्ज स्वीकारण्याचे ठरले आणि त्यासाठी 17,860 जणांना निमंत्रणे गेली. तुम्ही 2022 मध्ये कायम रहिवासी झालात, म्हणजे त्या यादीत तुमचे नाव असण्याचा प्रश्नच येत नाही. नवी नोंदणी उघडेल तेव्हा अवश्य नाव द्या; मात्र त्या योजनेत लागोपाठ तीन करवर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते, तेही किमान मर्यादेपेक्षा तीस टक्के अधिक, आणि क्वेबेक वगळता इतर प्रांतांत वीस वर्षे पालकांचा खर्च उचलण्याची हमी द्यावी लागते. म्हणून दर वर्षीचे करविवरण वेळेवर भरून ठेवणे एवढेच आज तुमच्या हातात आहे.

राहिले दोन. साध्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला सहसा सहा महिने राहता येते आणि पुढे मुदतवाढीसाठी अर्ज करावा लागतो. सुपर व्हिसा 2011 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर एका खेपेस दोन वर्षे राहता येत असे. 4 जुलै 2022 पासून ही मुदत पाच वर्षांची झाली आहे. व्हिसा स्वतः जास्तीत जास्त दहा वर्षांचा आणि अनेकदा येण्याजाण्याचा असतो. तुमचा बेत एक-दोन वर्षांचा असेल तर सुपर व्हिसाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन महिन्यांसाठी नातवाला भेटून परत जायचे असते तर मी विम्याच्या आणि उत्पन्नाच्या भानगडीत न पडता साधा व्हिसाच सुचवला असता.

एक बारकावा आधीच पाहून घ्यावा. व्हिसाची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. आईंच्या पासपोर्टची तीन-चार वर्षेच उरली असतील तर व्हिसाही तेवढाच मिळेल, म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण आधी करून मग अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

आता उत्पन्न. दर वर्षी लिको नावाने जो किमान उत्पन्नाचा तक्ता प्रसिद्ध होतो, त्यातला तुमच्या कुटुंबाच्या आकाराचा आकडा पार करावा लागतो. कुटुंब मोजताना तुम्ही, यजमान, मुलगा आणि येणारी आई अशी चार माणसे धरायची. 2025 च्या जुलैअखेर लागू झालेल्या तक्त्यात चार माणसांसाठी 56,724 कॅनेडियन डॉलर ही रक्कम आहे. तक्ता बदलत राहतो, त्यामुळे अर्ज ज्या दिवशी भराल त्या दिवशीचा पाहावा. तुम्ही दोघेही कायम रहिवासी आहात, तेव्हा निमंत्रणपत्रावर यजमानांनीही सही केली की दोघांचे उत्पन्न एकत्र धरता येते. नोकरी बदलल्यामुळे घाबरू नये: मागच्या करवर्षाची कर खात्याकडून आलेली नोटीस ऑफ असेसमेंट, टी-फोर (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे विवरण), नव्या मालकाचे पद आणि पगार नमूद केलेले पत्र आणि अलीकडच्या पगाराच्या पावत्या एवढे एकत्र लावले की चित्र स्पष्ट होते. तुमच्या एकटीच्या उत्पन्नावर आकडा पार होत असेल तर यजमानांच्या नोकरीचा विषय अर्जात फारसा ताणूच नये.

निमंत्रणपत्र साधे असावे. आईंच्या मुक्कामाचा खर्च आपण उचलू हे लेखी वचन, घरातल्या माणसांची नावे आणि संख्या, आणि तुमच्या पीआर कार्डाची प्रत, या गोष्टी त्यात असायलाच हव्यात. आईच्या मायेवर दोन पाने लिहिण्याची गरज नाही. अधिकाऱ्याला ती माया गृहीत असते.

हिशेबनीस (कॅलगरी)

विम्याबद्दल ब्रॅम्प्टनकरांनी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. माझ्या सासऱ्यांसाठी हा सगळा अभ्यास केला होता आणि माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा.

नियमाची बाजू सोपी आहे. विमा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा हवा, कॅनडात प्रवेश केल्यापासून किमान एक वर्ष चालू राहणारा हवा आणि त्यात वैद्यकीय उपचार, रुग्णालयातला मुक्काम आणि गरज पडल्यास मायदेशी परत नेण्याचा खर्च समाविष्ट हवा. पूर्वी फक्त कॅनेडियन कंपनीचाच विमा चालत असे. 28 जानेवारी 2025 पासून इथल्या वित्तीय नियामकाची परवानगी असलेल्या परदेशी कंपनीने तिच्या कॅनडातल्या व्यवसायातून दिलेला विमाही चालतो. याचा अर्थ भारतातला कोणताही प्रवास विमा चालतो असा मात्र नाही, आणि हा गैरसमज मी अनेकांच्या बोलण्यात ऐकला आहे. नुसते दरपत्रक जोडून भागत नाही; पैसे भरल्याचा पुरावा लागतो. पूर्ण हप्ता भरा किंवा अनामत भरून मासिक हप्ते लावून घ्या, दोन्ही मान्य आहे.

उपयोगाची बाजू मात्र बारीक अक्षरात दडलेली असते. मधुमेह आणि रक्तदाब हे विम्याच्या भाषेत पूर्वीपासून असलेले आजार. त्यांच्यासह संरक्षण देणारी आणि त्यांना वगळणारी अशा दोन्ही प्रकारच्या पॉलिसी मिळतात आणि स्वस्त असते ती अर्थातच वगळणारी. पूर्वीच्या आजारांसह असलेली पॉलिसी घेतली तरी तिच्यात स्थिरतेची अट असते: विमा सुरू होण्यापूर्वीच्या ठरावीक काळात, म्हणजे पॉलिसीप्रमाणे 90, 120 किंवा 180 दिवसांत, त्या आजाराच्या औषधात किंवा मात्रेत बदल झालेला नसावा. लोक अडकतात ते इथे. निघण्याआधी एकदा सगळे दाखवून घ्यावे म्हणून आईला डॉक्टरांकडे नेले जाते, डॉक्टर साखरेची गोळी पाचशेवरून हजारावर नेतात, आणि त्या एका चिठ्ठीने स्थिरतेचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. मात्रा बदलायची गरज असेल तर ती बदलायलाच हवी, याबद्दल दुमत नाही. पण तपासणी प्रवासाच्या आदल्या पंधरवड्यात न करता पाच-सहा महिने आधी करून घ्यावी आणि विमा सुरू होण्याची तारीख त्यानंतर बेतावी. विमा घेताना विचारलेल्या वैद्यकीय प्रश्नावलीची उत्तरे आईंच्या डॉक्टरांच्या कागदांवरून भरावीत, आठवणीवरून नव्हे, कारण दावा आला की कंपनी पहिल्यांदा तेच कागद मागवते.

हप्ता परवडत नसेल तर विम्याची रक्कम किंवा आजारांचे संरक्षण कापण्याऐवजी आपण स्वतः सोसायची सुरुवातीची रक्कम वाढवून घ्यावी. हजार-दोन हजार डॉलर खिशातून गेले तर आपण उभे राहू शकतो. इथल्या रुग्णालयात हृदयविकारासाठी आठवडाभर राहण्याचा खर्च मात्र कर्ज काढूनही भागणार नाही. ओंटारियो प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, म्हणजे ओहिप, सुपर व्हिसावर आलेल्या पालकांना मिळत नाही, आणि हा विमा फक्त अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी असतो. नेहमीच्या गोळ्या, दातांची कामे, डोळ्यांची तपासणी हे सगळे आपल्या खिशातून. व्हिसा नाकारला गेल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल का आणि दावा न करता आई लवकर परतल्या तर उरलेल्या काळाचे पैसे मिळतील का, ही दोन कलमे पॉलिसीत लेखी पाहून मगच पैसे भरा.

आणि वाईतला त्यांचा जो काही आरोग्य विमा असेल तो बंद करू नका. परत गेल्यावर सत्तरीत नवा विमा मिळवणे फार अवघड जाते.

जुना कारकून (सातारा)

मी कॅनडाला गेलेलो नाही, जाण्याचा विचारही नाही. परंतु जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून नावाच्या प्रश्नापुरते लिहितो.

कन्येचे पहिले बाळंतपण माहेरी आणि नोंद मामाने किंवा आजोबाने केलेली, हे आपल्याकडे एका काळी घरोघरचे होते. ही नोंद चुकीची नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 खाली दुरुस्ती होते हे खरे, पण त्यात मूळ नोंद न खोडता समासात टीप लिहिली जाते, आणि मुळात ही तरतूद चुकलेल्या नोंदींसाठी आहे. तिच्यामागे लागून ग्रामपंचायतीच्या फेऱ्या मारण्यापेक्षा दोन्ही नावांची बाई एकच आहे हे इतर कागदांनी दाखवणे सोपे आणि अधिक विश्वासार्ह. त्यासाठी पुढील कागद शोधावेत. आईंचा शाळा सोडल्याचा दाखला, ज्यावर माहेरचे नाव असेल. विवाह नोंदणीचा दाखला. पण त्या काळात लग्ने सर्रास नोंदवली जात नसत, तेव्हा तो नसल्यास लग्नपत्रिका जपून ठेवलेली असेल तर तीही लावावी. वडिलांच्या सेवापुस्तकात किंवा निवृत्तिवेतनाच्या आदेशात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख असते; हा सरकारी कागद असल्याने त्याला वजन आहे. तुमच्या स्वतःच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचे नाव सासरचे छापलेले असेल, तर तो सर्वांत सरळ पुरावा होय. या सगळ्याच्या वर आईंचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र: लग्नापूर्वीचे नाव अमुक, लग्नानंतरचे तमुक, आणि दोन्ही नावांची व्यक्ती मीच.

जन्मतारखेकडेही पाहावे. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहून टाकल्याची उदाहरणे असंख्य आहेत, आणि घरात मात्र वाढदिवस आषाढात असतो. पासपोर्टवर जी तारीख आहे तीच सर्वत्र लिहावी. तुम्ही स्वतः पीआरसाठी अर्ज केला तेव्हा कुटुंबाच्या माहितीत आईचे नाव आणि जन्मतारीख लिहिली असणारच. ती प्रत काढून ताडून पाहा. त्या वेळी काही वेगळे लिहिले गेले असेल तर आताच्या पत्रात एका वाक्यात खुलासा करावा. दोन सरकारी कागदांत तफावत राहिली की संशयाला जागा मिळते.

सातबारा आणि आठ-अ चे उतारे आता डिजिटल सहीचे मिळतात. ते, घरपट्टीची पावती, आणि मराठीत असलेला प्रत्येक कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावा. भाषांतर घरच्या माणसाने केलेले चालत नाही. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागते.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. जुने कारकून काका, वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशात आईचे नाव आणि तारीख दोन्ही सापडले. भावाने फोटो पाठवला.

दोन शंका उरल्या आहेत. पुढे पीआरची नोंदणी उघडली तर आम्ही आईचे नाव देणार आहोत. हे अर्जात लिहिले तर ती परत जाणार नाही असे समजून व्हिसा नाकारतील का? माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा अर्ज नेमका याच कारणाने नाकारला गेला, असे ते सांगतात. दुसरे, आई इथे असताना नोव्हेंबरातला हयातीचा दाखला कसा द्यायचा?

पश्चिमवारा (व्हँकुव्हर)

पहिली शंका महत्त्वाची आहे. कायदा या बाबतीत तुमच्या बाजूने आहे: कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या कलम 22 मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, पुढे कायमचे राहण्याचा इरादा असणे हे तात्पुरत्या मुक्कामाच्या आड येत नाही, मात्र मुदत संपल्यावर हा माणूस परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. म्हणजे इरादा लपवण्याची गरज नाही. पण प्रत्यक्ष नकार येतात ते बहुतांशी याच खात्रीच्या मुद्द्यावर, आणि त्याचे कारण मला असे दिसते की आपण पाठवतो ती फाइल जवळजवळ सगळी मुलीची किंवा मुलाची असते. मुलीचा पगार, मुलीचे घर, मुलीचे पत्र, मुलीने काढलेला विमा. आणि अर्जदार म्हणून जिचे नाव आहे त्या आईचा पासपोर्ट आणि एक छायाचित्र. वाचणाऱ्याला मुलगी सांभाळायला समर्थ आहे हे कळते, आई परत का जाईल हे कळत नाही. उलट जितकी मुलीची बाजू भक्कम, तितकी आई इथेच राहील अशी शंका वाढते.

तेव्हा आईंच्या नावाने, त्यांच्या सहीचे, एक पानाचे पत्र असावे. आपण का येतो आहोत, साधारण किती काळ राहणार, तेवढ्या काळात घराकडे कोण पाहील, खंडाचे पैसे कुठे जमा होतात, निवृत्तिवेतन किती येते, पुण्यात मुलगा आहे आणि परत आल्यावर आपण कसे राहणार आहोत. सोबत निवृत्तिवेतन जमा होणाऱ्या खात्याचे सहा महिन्यांचे उतारे, सातबारा आणि घरपट्टीची पावती. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नये; नेहमीचे साधे खाते अधिक खरे दिसते. ‘पाच वर्षे राहणार’ असे केवळ नियम परवानगी देतो म्हणून लिहू नये. तुमचा बेत दीड वर्षाचा असेल तर दीड वर्षच लिहा. पीआरबद्दल एक वाक्य पुरे: योजना पुन्हा उघडल्यास मुलगी अर्ज करणार आहे, तोपर्यंत आपण व्हिसाच्या अटींनुसार ये-जा करू.

तरीही नकार आलाच तर ओळखीच्यांच्या अंदाजांवर विसंबू नये. 2025 च्या जुलैअखेरीपासून व्हिजिटर व्हिसाच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याचे टिपण देण्यास सुरुवात झाली आहे. ते न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली पाच डॉलर भरून फाइलच्या नोंदी मागवता येतात. ते वाचून, जे उणे होते ते भरून नवा अर्ज करावा. तोच अर्ज पुन्हा पाठवल्याने उत्तर बदलत नाही. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात दाद मागायला साठ दिवसांची मुदत असते, पण तो मार्ग खर्चिक आहे आणि तुमच्या प्रकरणात त्याची वेळ येऊ नये.

क्रमाचेही सांगतो. आईंनी कॅनडाबाहेर असतानाच अर्ज करायचा असतो. ऑनलाइन भरताना तुम्ही त्यांच्या वतीने विनामोबदला प्रतिनिधी होऊ शकता. व्हिसाचे शुल्क 100 डॉलर आणि बोटांच्या ठशांचे 85. ठसे पुण्यात किंवा मुंबईत व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात देता येतात आणि ते दहा वर्षे चालतात. सुपर व्हिसाला वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे आणि ती कॅनडाने नेमलेल्या पॅनल डॉक्टरकडेच करावी लागते. वाईतल्या नेहमीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याऐवजी चालत नाही, परंतु औषधांची यादी मात्र त्यांच्याकडून लिहून घ्यावी. हिशेबनीसांनी सांगितलेली स्थिरतेची अट लक्षात ठेवून या तपासणीची तारीख घ्यावी.

टोरंटोला उतरताना आईंच्या हातातल्या पिशवीत निमंत्रणपत्र आणि विम्याची छापील प्रत असू द्या, सामानात नको. किती काळ राहायचे ते शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. व्हिसावर पीजी-1 असा संकेत असतो, तो पाहून सहसा पाच वर्षांची मुदत मिळते. तरी शिक्क्यावर किंवा दिलेल्या कागदावर कोणती तारीख आहे ते आईंनी काउंटर सोडण्यापूर्वीच पाहावे. इंग्रजीची अडचण असेल तर ‘सुपर व्हिसा’ हे दोन शब्द आणि व्हिसाचे पान दाखवणे पुरेसे होते. पुढे एखाद्या लग्नासाठी भारतात जाऊन परत आल्या तर त्या वेळीही विमा चालू असल्याचा कागद लागेल.

हयातीच्या दाखल्याबद्दल: जीवन प्रमाण या सरकारी सेवेत आधारशी जोडलेली, मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे. मात्र आईंचे निवृत्तिवेतन ज्या कार्यालयातून येते ते कार्यालय तो डिजिटल दाखला स्वीकारते का, हे निघण्यापूर्वी भावाने जाऊन विचारून यावे. स्वीकारत नसेल तर टोरंटोतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून दाखला घेऊन तो टपालाने पाठवता येतो. नोव्हेंबरच्या सुमारास ते मिसिसॉगा-ब्रॅम्प्टन भागातही त्यासाठी शिबिरे घेतात.

हिशेबनीस (कॅलगरी)

पश्चिमवाऱ्यांच्या मजकुराला एक पुरवणी. पॅनल डॉक्टरची तपासणी आणि विम्याची प्रश्नावली यांत औषधांची नावे आणि मात्रा एकसारख्या असाव्यात. दोन्हीकडे देण्यासाठी वाईतल्या डॉक्टरांकडून एकच यादी, तारीख आणि सहीनिशी, एकाच वेळी घ्या.